हर्क्युलिस एम्युलेटर: कुठली कमांड कुणाला द्यायची? (कन्सोलचा धागा)

रात्रपाळी

हर्क्युलिसवर एमव्हीएस ३.८जे (आयबीएमची जुनी मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिम) चालवणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात, म्हणून हा वेगळा धागा. कमांड बरोबर असते, ती टाइप केलेली जागा चुकते.

आधी एक सोय. इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे.

रॉजर बॉलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला हर्क्युलिस हा मेनफ्रेमच्या लोखंडाचा एम्युलेटर, म्हणजे त्या मोठ्या संगणकाच्या हार्डवेअरची नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे. सिस्टिम/३७०, ईएसए/३९० आणि झेड आर्किटेक्चर ही तिन्ही घराणी त्याला येतात. ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्यावर वेगळी बसते. म्हणून 'कन्सोल' म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी निघतात.

पहिला हर्क्युलिसचा स्वतःचा पॅनेल. जुन्या यंत्राच्या दर्शनी भागावर लोड, स्टार्ट, स्टॉप, रिस्टार्ट अशी बटणं असत, त्यांची ही जागा. इथे बोलता ते थेट यंत्राशी. एमव्हीएसचा इथे संबंध नाही.

दुसरा एमव्हीएसचा मास्टर कन्सोल, म्हणजे ०१० पत्त्यावरचा ३२७० टर्मिनल. एक्स३२७० किंवा सी३२७० (ह्या टर्मिनलची नक्कल करणारे प्रोग्रॅम) ने ३२७० पोर्टला जोडायचा. इथे बोलता ते ऑपरेटिंग सिस्टिमशी.

तिसरा मधला मार्ग. कॉन्फिगमध्ये '०००९ ३२१५-सी' अशी ओळ असेल तर पॅनेलवरूनच एमव्हीएसशी बोलता येतं, पुढे तिरकी रेघ लावून. '/डी ए,एल' टाकलंत की 'डी ए,एल' एमव्हीएसकडे जातं आणि चालू कामांची यादी येते. रेघ विसरलात की तीच ओळ हर्क्युलिस स्वतःसाठी वाचतो.

खरा घोळ इथेच. एकाच अक्षराचे दोन मालक आहेत:

'आर' – एमव्हीएसमध्ये रिप्लाय. पॅनेलवर रिअल स्टोरेज, म्हणजे प्रत्यक्ष मेमरी दाखवणं किंवा बदलणं. रेघेशिवाय 'आर ०,सीएलपीए' टाकलंत तर ऑपरँड चुकल्याची तक्रार येते आणि एमव्हीएस उत्तराची वाट बघत राहतं.

'व्ही' – तिकडे व्हेरी, म्हणजे डिव्हाइस ऑनलाइन-ऑफलाइन. इकडे व्हर्च्युअल स्टोरेज.

'के' – तिकडे कन्सोलचा पडदा आवरणं. इकडे कॉम्प्रेस्ड डिस्कच्या अंतर्गत ट्रेसची भलीमोठी यादी.

'स्टॉप' – ह्यात सगळे फसतात. पॅनेलवर ह्याने अख्खा सीपीयू थांबतो. टर्मिनल जोडलेलेच दिसतात पण कुणालाच उत्तर येत नाही. उपाय 'स्टार्ट'. 'रिस्टार्ट' नव्हे! त्याने रिस्टार्ट इंटरप्ट जातो. एमव्हीएसला वाटतं ऑपरेटरने लूपमध्ये अडकलेलं काम तोडायला बटण दाबलं, आणि त्या क्षणी सीपीयूवर असलेलं बिचारं काम ०७१ ने अबेंड होतं, म्हणजे मध्येच तुटतं.

आता सुरुवातीपासून. कॉन्फिगमध्ये 'आर्चमोड एस/३७०' हवा, 'मेनसाइज १६' (एमव्हीएस ३.८जे चे पत्ते २४ बिटांचे, १६ एमबीच्या वर दिलेली मेमरी वाया), 'सीएनएसएलपोर्ट ३२७०'. चालू करा: 'हर्क्युलिस -एफ कॉन्फिगफाइल'. पॅनेल आला की लगेच आयपीएल (डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम चालू करणं) करू नका, आधी 'डेव्हलिस्ट'. प्रत्येक डिव्हाइस, त्याची फाइल, टर्मिनल जोडलेला असेल तर कुठून, सगळं दिसतं. डिस्कची एखादी फाइल उघडली नसेल तर ते इथेच कळतं.

मग टर्मिनल जोडा आणि आयपीएल करा. टर्नकी ४ (एमव्हीएस ३.८जे चा तयार संच) मध्ये 'आयपीएल १४८', टर्नकी ५ मध्ये 'आयपीएल ३९०'. आकडा म्हणजे रेसिडन्स डिस्कचा, म्हणजे सिस्टिम असलेल्या डिस्कचा पत्ता.

मास्टर कन्सोलवर आयईए१०१ए येतो: सिस्टिम पॅरामीटर द्या. उत्तर 'आर ०,सीएलपीए'. सीएलपीए म्हणजे लिंक पॅक एरिया (सामाईक प्रोग्रॅमचा मेमरीतला भाग) नव्याने बांध. पहिल्या आयपीएलला आणि एसवायएस१.एलपीएलिबमध्ये काही बदललं असेल तेव्हा लागतोच, एरवी नुसतं 'आर ०' चालतं. त्यानंतर जेस२ (कामांची रांग आणि छपाई सांभाळणारा भाग) चा एचएएसपी४२६, त्याला 'आर ०,नोरेक'. तिथे 'फॉरमॅट' लिहिलंत तर स्पूल पुसली जाते, रांगेतली कामं आणि न छापलेलं आउटपुट सगळं जातं. कुठल्या तरी जुन्या पानावरून उत्तर जसंच्या तसं उचलताना एवढं बघा. टर्नकीमध्ये ही उत्तरं बहुतेक स्क्रिप्ट देते, तरी ती कुठली ते ठाऊक हवं.

पॅनेलवर एस्केप दाबला की पडदा बदलतो. एका बाजूला लॉग आणि कमांडची ओळ, दुसऱ्या बाजूला रजिस्टर, पीएसडब्ल्यू (सीपीयूची त्या क्षणाची स्थिती) आणि डिव्हाइसची यादी. 'कमांडच घेत नाही' अशी तक्रार असेल तर निम्म्या वेळा माणूस त्या दुसऱ्या पडद्यावर असतो. परत एस्केप.

बंद करण्याबद्दल खाली लिहीन. प्रश्न टाका.

---

नवखा_ऑपरेटर

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे.

माझा अडथळा: आयपीएल १४८ दिला, पॅनेलवर त्रुटी नाही. एक्स३२७० जोडलेला आहे, पण त्यावर हर्क्युलिसचं चिन्हच दिसतंय. आयईए१०१ए येतच नाही. सीपीयू शांत.

---

पंचकार्ड

तुमचा टर्मिनल ०१० वर बसलेलाच नसणार. 'डेव्हलिस्ट' करून ०१० च्या ओळीपुढे तुमचा आयपी आहे का बघा. तो ०सी० समोर दिसला की निदान झालं.

टर्मिनल जोडला की हर्क्युलिस त्याला पहिला मोकळा ३२७० देतो. पण कॉन्फिगमध्ये '००१० ३२७० कॉन्स' असं लिहिलेलं असेल तर 'कॉन्स' हे गटाचं नाव आहे, आणि गटातला डिव्हाइस फक्त गटाचं नाव सांगणाऱ्यालाच मिळतो. नुसतं लोकलहोस्ट:३२७० म्हणून आलेला गट नसलेल्या डिव्हाइसवर, म्हणजे टीएसओच्या (वापरकर्त्यांनी लॉगऑन करायच्या) टर्मिनलवर बसतो. एक्स३२७० ला पत्ता असा द्या: कॉन्स@लोकलहोस्ट:३२७०.

आणि क्रम पाळा. आधी टर्मिनल, मग आयपीएल. आयपीएलच्या वेळी एमव्हीएसला जो कन्सोल तयार दिसेल तो ते वापरतं, नंतर जोडलेल्याची ते दखल घेईलच असं नाही. आता पुन्हा जोडून पुन्हा आयपीएल करा. अजून काही सुरूच झालेलं नाही, त्यामुळे बिघडायलाही काही नाही.

चालू यंत्रात मास्टर कन्सोलची खिडकी चुकून बंद झाली तर मात्र पुन्हा आयपीएल नको. पॅनेलवर 'ईएक्सटी' द्या. हे इंटरप्ट बटण. एमव्हीएस त्यावर मास्टर कन्सोलचा अधिकार पर्यायी कन्सोलकडे सोपवतं. ३२१५-सी पर्यायी म्हणून ठेवला असेल तर पुढचं सगळं तिरक्या रेघेने चालवता येतं.

---

नवखा_ऑपरेटर

@पंचकार्ड, ०सी० वरच होतो. कॉन्स@ लावल्यावर आयईए१०१ए आला. धन्यवाद!

आता पुढचं. टीएसओ उघडलं, पाच-दहा मिनिटं चाललं आणि मग सगळंच थबकलं. मास्टर कन्सोलच्या तळाशी आयईई१५९ई. सीपीयू मेला का?

---

वेटस्टेट

मेला नाही. आयईई१५९ई म्हणजे संदेश वाट बघताहेत. तुमचा कन्सोलचा पडदा भरलाय आणि जुन्या ओळी आपोआप सरकत नाहीत. ऑपरेटरने वाचून पुसाव्यात अशी अपेक्षा असायची, तो मोड चालू आहे. मागे संदेशांचे बफर तुंबले की संदेश पाठवू पाहणारं प्रत्येक काम ताटकळतं. मास्टर कन्सोलवर 'के एस,डीईएल=आरडी' द्या, पडदा सरकायला लागेल. उत्तर बाकी असलेले प्रश्न तरीही राहतात, ते 'डी आर,एल' ने बघायचे.

'सीपीयू मेला का' हे मात्र अंदाजाने ठरवू नका. पॅनेलवर 'पीएसडब्ल्यू' टाका आणि वाचा. रोजचं रूप असं:

०७०ई०००० ००००००००

डावीकडून ०७ घ्या. त्यात ४ म्हणजे पत्ता-भाषांतर चालू, २ म्हणजे आयओ इंटरप्टला परवानगी, १ म्हणजे बाह्य इंटरप्टला परवानगी. पुढचा ०ई: ८ म्हणजे ईसी मोड, ४ म्हणजे मशीन चेकला परवानगी, २ म्हणजे वेट. थोडक्यात 'काम नाही म्हणून थांबलोय, पण कुणी हाक मारली तर उठेन'. हे निरोगी यंत्र आहे. कुठे काही अडलं असेल तर ते कन्सोल, रीडर किंवा टेपच्या बाजूला शोधा.

पहिले दोन आकडे ०० असतील आणि वेटचा २ तसाच असेल, उदाहरणार्थ ०००ए०००० ने सुरू होणारा, तर झोपलाय आणि दारंही बंद. हाच डिसेबल्ड वेट. हर्क्युलिस ४.एक्स मध्ये पॅनेलवर एचएचसी००८०९आय येतो. अशा वेळी शेवटचे तीन आकडे हाच वेट कोड, एमव्हीएस जाताना ठेवून गेलेली चिठ्ठी. त्यातला सीसीसी भिण्यासारखा नाही, तो बंद करताना शेवटी द्यायच्या क्वाएस कमांडनंतरचा ठरलेला मुक्काम. दुसरा कुठलाही कोड दिसला तर आधी तो टिपून ठेवा. पुन्हा आयपीएल केला की हातातून गेला.

तिसरं रूप: वेटचा बिट नाही, सीपीयू शंभर टक्के, आणि 'पीएसडब्ल्यू' चार-पाचदा दिला तर पत्ता त्याच शे-दोनशे बाइटांत फिरतोय. तो लूप. 'स्टॉप', मग 'एस+' ने एकेक सूचनेचा मोड लावा. नुसता एंटर दाबला की एक सूचना चालते आणि रजिस्टरसकट दिसते. समाधान झालं की 'जी': मोड बंद, यंत्र चालू. 'टी+' चालत्या यंत्रावर तसाच लावू नका, लॉग क्षणात हजारो ओळींनी भरतो. लावायचाच तर पत्त्यांची मर्यादा देऊन, 'टी+ १०००-१०ff' असा (हेक्स आहे, इथे 'एफएफ' वाचा).

---

जेसीएल_आजोबा

@वेटस्टेट, नेमकं लिहिलंत. देवनागरीत 'एफएफ' च लिहायचं होतं, रात्रपाळींचा नियम पहिल्या दिवशीच मोडलात.

मी कार्ड रीडरवर लिहितो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार.

काम, म्हणजे जेसीएलमध्ये (कामाचं वर्णन करायच्या भाषेत) लिहिलेली फाइल, पाठवायचे दोन मार्ग. एक, पॅनेलवरून फाइल लावणे: 'डेव्हइनिट ००सी जेसीएल/जॉब१.जेसीएल आस्की ट्रंक ईओएफ'. फाइल लागली की रीडर 'तयार' असा इशारा देतो आणि जेस२ वाचायला घेतो. दुसरा, रीडरला सॉकेटवर बसवणे. कॉन्फिगमध्ये '०००सी ३५०५ ३५०५ सॉकडेव्ह आस्की ट्रंक ईओएफ' (पहिला ३५०५ यंत्राचा नमुना, दुसरा पोर्ट, गोंधळू नका) आणि बाहेरून 'एनसी -डब्ल्यू १ लोकलहोस्ट ३५०५ < जॉब१.जेसीएल'. त्या '-डब्ल्यू १' ला किंमत आहे. काही नेटकॅट फाइल संपली तरी जोडणी सोडत नाहीत. तोवर रीडरला वाटतं अजून कार्डं यायचीत, काम रांगेत लागत नाही, आणि दुसऱ्याने पाठवलेलं घेतलं जात नाही.

तीन पर्यायांचे अर्थ पाठ करा.

ईओएफ: फाइल संपली की गठ्ठा संपला असा संकेत. जेस२ ला शेवटचं काम पूर्ण मिळालं हे त्यावरूनच कळतं. त्याऐवजी आयएनटीआरक्यू दिलंत तर रीडर 'आणखी कार्डं घाला' म्हणून थांबतो आणि शेवटचं काम अर्धवट धरून ठेवलं जातं. एकामागून एक फाइल लावायच्या असतील तेव्हाच ते वापरा.

ट्रंक: ८० स्तंभांपुढचा भाग कापणे. नसेल तर लांब ओळीवर रीडर त्रुटी देतो. नवीन जेसीएल लिहिताना मी ट्रंक काढूनच ठेवतो. कापलेलं कळत नाही, त्रुटी कळते.

आस्की: हे लिहाच. नाही लिहिलं तर हर्क्युलिस पहिल्या फाइलचे पहिले १६० बाइट बघून ठरवतो. सगळे आस्की असतील तर आस्की, एकही परका सापडला तर अख्खी फाइल एब्सिडिक (मेनफ्रेमची अक्षरसंहिता) समजतो. आणि आपल्या लोकांचा हमखास घोटाळा इथे होतो. जॉब कार्डाखाली कौतुकाने मराठीत टिप्पणी लिहिलेली असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, काना-मात्राही वेगळी मोजायची. म्हणजे २६ चिन्हांत कार्ड भरलं. ती टिप्पणी पहिल्या १६० बाइटांत आली की एक ओळच नव्हे, सगळं काम कचरा होऊन जेस२ पुढे जातं आणि जॉब कार्ड सापडतच नाही. टिप्पणी रोमनमध्ये लिहा, मराठी वेगळ्या फाइलीत ठेवा.

---

सिंहगड_रोड

मराठी टिप्पणीचा मुद्दा सोन्यासारखा. टेप आणि प्रिंटर एका परिच्छेदात उरकतो.

एमव्हीएसने आयईएफ२३३ए देऊन ४८० वर टेप मागितली की पॅनेलवर 'डेव्हइनिट ४८० टेप/नाव.एडब्ल्यूएस'. उतरवायला 'डेव्हइनिट ४८० *'. कोरी टेप हेटइनिट ह्या बाहेरच्या साधनाने आधी बनवा, लेबलवरचं नाव जेसीएलमधल्याशी जुळलं पाहिजे, नाहीतर एमव्हीएस ती उतरवून पुन्हा तीच मागत बसेल. प्रिंटरची फाइल हर्क्युलिस सुरू होताना कोरी होते, म्हणून '०००ई १४०३' च्या ओळीत 'नोक्लिअर' घाला. चालू असताना नवी फाइल हवी असेल तर आधी एमव्हीएसमध्ये '$पी पीआरटी१', तो थांबला की 'डेव्हइनिट ००ई प्रिंट/नवी.टीएक्सटी', मग '$एस पीआरटी१'. प्रिंटर छापत असताना फाइल बदलायला गेलात तर अहवाल दोन फाइलींत फाटतो.

---

नवखा_ऑपरेटर

नवी डिस्क कशी जोडायची? 'अटॅच' दिला, 'डेव्हलिस्ट' मध्ये दिसते. एमव्हीएसमध्ये 'व्ही ९५०,ऑनलाइन' ला आयईई३१३आय.

---

पंचकार्ड

आयईई३१३आय म्हणजे तो पत्ता एमव्हीएसच्या खातेवहीत नाही. ३.८जे मध्ये डिव्हाइसचे पत्ते सिस्टिम जनरेशनच्या वेळी पक्के होतात. हर्क्युलिस कुठल्याही पत्त्यावर डिस्क लावील, एमव्हीएस तिला ओळखणार नाही. आणि पत्ता ज्या नमुन्यासाठी बनलाय तोच नमुना तिथे चालतो, ३३५० च्या जागी ३३८० नाही. 'डी यू,डॅस्ड,ऑफलाइन' मध्ये मोकळे पत्ते दिसतील, त्यातला घ्या. समजा ३३५० साठीचा १४ए मोकळा आहे.

१) बाहेर शेलमध्ये: 'डॅस्डइनिट -झेड डॅस्ड/वर्क०२.१४ए ३३५० वर्क०२'. ३३५० म्हणजे ५५५ सिलिंडर, सिलिंडरला ३० ट्रॅक, ट्रॅकला १९,०६९ बाइट, सगळे मिळून साधारण ३१७ एमबी. '-झेड' ने फाइल कॉम्प्रेस्ड बनते, कोरी डिस्क एमबीच्या आतच राहते.

२) पॅनेलवर: 'अटॅच १४ए ३३५० डॅस्ड/वर्क०२.१४ए'.

३) डॅस्डइनिट फक्त लेबल लिहितं, डिस्कवरच्या डेटासेटची (फाइलींची) यादी म्हणजे व्हीटॉक बनवत नाही. त्यासाठी आयसीकेडीएसएफचं (डिस्क तयार करणाऱ्या युटिलिटीचं) काम पाठवा: 'इनिट युनिटअॅड्रेस(१४ए) व्हेरिफाय(वर्क०२) व्होलआयडी(वर्क०२) व्हीटॉक(०,१,२९)'. सिलिंडर ०, ट्रॅक १ पासून २९ ट्रॅक, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा उरलेला सगळा भाग. डिस्क ह्या वेळी ऑफलाइनच हवी.

४) मास्टर कन्सोलवर आयसीके००३डी विचारेल, १४ए वरचा मजकूर बदलू का. 'आर ०,यू' देण्याआधी तो पत्ता मोठ्याने वाचा. १४८ आणि १४ए मध्ये एका अक्षराचा फरक, आणि १४८ वर तुमची सिस्टिम आहे. 'टी' दिलंत तर काम सोडून देतं.

५) 'व्ही १४ए,ऑनलाइन', मग 'माउंट १४ए,व्होल=(एसएल,वर्क०२),यूज=प्रायव्हेट'.

कायमचं हवं असेल तर 'अटॅच' ची ओळ कॉन्फिगमध्ये आणि नाव एसवायएस१.पार्मलिबच्या (एमव्हीएसच्या सेटिंगच्या लायब्ररीच्या) व्हीएटीएलएसटी०० मध्ये. 'अटॅच' हर्क्युलिस बंद होईपर्यंतच टिकतो.

---

रात्रपाळी

@पंचकार्ड, चौथी पायरी सगळ्यांनी दोनदा वाचा.

आणि तिथे पोचण्याआधी शॅडो फाइल लावा. हर्क्युलिसमधली सगळ्यात उपयोगी सोय हीच, आणि वापरणारे थोडे.

कॉन्फिगच्या ओळीत जोडा: '०१४८ ३३५० डॅस्ड/एमव्हीएसआरईएस.१४८ एसएफ=शॅडो/एमव्हीएसआरईएस_१.१४८'. टिंबाच्या लगेच आधीचं चिन्ह हा शॅडोचा क्रमांक, हर्क्युलिस तो स्वतः बदलतो. तिथे दुसरं महत्त्वाचं अक्षर असेल तर तेच बदललं जाईल, म्हणून '_१' ठेवा.

'एसएफ+*' दिलं की त्या क्षणापासूनचं सगळं लिखाण नव्या शॅडोत जातं, मूळ फाइल नुसती वाचली जाते. प्रयोग फसला? 'एसएफ-* नोमर्ज', शॅडो फेकली, डिस्क होती तशी. जमला? 'एसएफ-* मर्ज', बदल खालच्या फाइलीत मुरले. मूळ फाइल केवळ वाचण्यासाठी उघडलेली असेल तर मर्ज नकार देतो, तिथे 'फोर्स' लागतं. 'एसएफडी' ने स्थिती, 'एसएफसी' ने आवळून जागा मोकळी.

तारांकन सोडू नका. एकट्या 'एसएफ-१४८' ने एकाच डिस्कला मागे नेता येतं. पण कॅटलॉग (कुठला डेटासेट कुठे ह्याची नोंद) एका डिस्कवर, डेटासेट दुसरीवर, स्पूल तिसरीवर. एकच मागे नेलीत तर कॅटलॉग म्हणेल आहे आणि डिस्क म्हणेल नाही. सगळ्या एकदम पुढे, सगळ्या एकदम मागे.

दुसरं, एमव्हीएस चालू असताना 'नोमर्ज' करायचा नाही. मेमरीतल्या नोंदी ताज्या राहतात आणि खालची डिस्क कालची होते. आधी व्यवस्थित बंद, मग एसएफ-, मग आयपीएल.

---

वेटस्टेट

+१. आणि डिस्कची फाइल कॉपी करून बॅकअप घेणाऱ्यांनी हर्क्युलिस पूर्ण बंद करूनच घ्यावी. चालू असताना घेतलेली कॉम्प्रेस्ड फाइलची प्रत उघडली तर बरी. संशय असेल तर हर्क्युलिस बंद ठेवून 'सीसीकेडीसीडीएसके -३ फाइल' ने तपासा, -३ म्हणजे सगळ्यात कसून.

---

सिंहगड_रोड

घड्याळाचं कुणीतरी लिहा. भारतातून चालवणाऱ्यांचा वेळ हमखास चुकतो.

---

जेसीएल_आजोबा

दोन जागी वेळ सांगता येते, एकाच जागी सांगा. कॉन्फिगमध्ये 'टीझेडऑफसेट +०५३०' दिलं तर यंत्राचं घड्याळच आपल्या वेळेवर जातं. तेवढ्यावर एमव्हीएसच्या पार्मलिबमध्येही साडेपाच तासांचा फरक लिहिला असेल तर ग्रिनिचच्या ११ तास पुढे जाल.  

दुपारी दोन म्हणजे ग्रिनिचचे साडेआठ, त्यात ११ मिळवले की १९:३०. तुमच्या घड्याळापेक्षा कन्सोल नेमका साडेपाच तास पुढे दिसला तर फरक दोनदा मोजला गेलाय. साडेपाच तास मागे असेल तर कुठेच सांगितलेला नाही.

वर्षाचं वेगळं. जुन्या, दुरुस्त्या न लावलेल्या प्रतीत दोन आकडी वर्षं. तिथे 'वायआरऑफसेट -२८' देतात. २८ च का, तर तेवढ्या वर्षांनी वार आणि लीप वर्षं तंतोतंत जुळतात. २०२६ चं कॅलेंडर १९९८ चंच आहे. नव्या टर्नकीत ह्याची गरज नाही.

---

नवखा_ऑपरेटर

आयपीएलची उत्तरं आपोआप देता येतील का?

---

पंचकार्ड

येतात. एचएओ, म्हणजे हर्क्युलिसचा स्वयंचलित ऑपरेटर. दोन ओळींची जोडी: 'एचएओ टीजीटी' पुढे पकडायचा मजकूर, 'एचएओ सीएमडी' पुढे द्यायची कमांड. टार्गेट 'आयईए१०१ए', कमांड '/आर ०,सीएलपीए'. 'एचएओ लिस्ट' ने नियम दिसतात, 'एचएओ डेल' ने एक काढता येतो. एचएओ फक्त पॅनेलवर उमटलेल्या ओळी बघतो, म्हणून ३२१५-सी वर न येणारे संदेश त्याला दिसत नाहीत. टार्गेट रेग्युलर एक्स्प्रेशन असतं, टिंब आणि $ ह्यांना तिथे वेगळा अर्थ. '$एचएएसपी४२६' पकडायला $ च्या आधी उलटी तिरकी रेघ.

हे सगळं हर्क्युलिस.आरसी मध्ये ठेवलं की सुरू होताना आपोआप चालतं. मध्ये थांबायला 'पॉज १०', म्हणजे दहा सेकंद.

---

वेटस्टेट

इथे माझं मत वेगळं. आयपीएलची दोन उत्तरं द्या एचएओला, त्यापुढे नको. 'आयसीके००३डी आला की यू' असा नियम मी पाहिला आहे. तो प्रश्न माणसाने वाचावा म्हणूनच विचारलेला असतो. शिवाय रिप्लायचा क्रमांक दरवेळी ० नसतो. आधीचा प्रश्न उत्तराविना पडला असेल तर नियम भलत्याच प्रश्नाला उत्तर देईल.

---

पंचकार्ड

क्रमांकाचं मान्य. तेवढ्यासाठी मीही आयपीएलपुरताच ठेवतो.

---

सिंहगड_रोड

भाड्याच्या सर्व्हरवर टाकणाऱ्यांसाठी तीन ओळी. ३२७० आणि ३५०५ हे पोर्ट उघड्या नेटवर ठेवू नका. टर्नकीतल्या तयार वापरकर्त्याचा, हर्क०१ चा, पासवर्ड सगळ्या जगाला माहीत आहे, आणि सॉकेट रीडर तर पासवर्डही विचारत नाही, येईल ते काम घेतो. लोकलहोस्टवर बांधा, बाहेरून एसएसएच टनेल. 'डायग८सीएमडी' बंद ठेवा. तो चालू असेल तर आत चालणारा प्रोग्रॅम पॅनेलच्या कमांड देऊ शकतो, आणि पॅनेलवर 'एसएच' आहे, म्हणजे थेट तुमच्या लिनक्सचा शेल.

आणि झेड/ओएस (एमव्हीएसचा आजचा वारस) कुठे मिळेल हा प्रश्न इथे नको. त्याचा परवाना हर्क्युलिससाठी मिळत नाही. ३.८जे आहे, लिनक्स आहे, तेवढं पुरतं.

---

नवखा_ऑपरेटर

शेवटचं, बंद करताना 'क्विट' दिला तर काय बिघडतं?

---

रात्रपाळी

चालत्या यंत्राची वायर उपटल्यासारखं. जेस२ ला पुढच्या वेळी अर्धवट कामं निस्तरावी लागतात, आणि लिहिणं चालू असलेला डेटासेट अर्धाच राहतो. ४.एक्स मध्ये सीपीयू चालू असताना 'क्विट' दिला तर तो पुन्हा देऊन खात्री करायला सांगतो. ती सूचना आली की थांबा, तुम्ही क्रम चुकलात.

क्रम असा. टीएसओवरच्या लोकांना बाहेर काढा, 'पी टीएसओ'. मग 'झेड नेट,क्विक'. चालू कामं '$डीए' ने बघा, संपू द्या किंवा 'सी कामाचंनाव'. $एचएएसपी०९९ आला, म्हणजे जेस२ कडे करण्यासारखं काही उरलं नाही, की '$पीजेस२'. तो आला नसेल तर जेस२ जाणार नाही. बहुतेक वेळा एखादा प्रिंटर फाइलीची वाट बघत असतो किंवा रीडरचं सॉकेट उघडं असतं, '$डीयू' मध्ये दिसेल. मग 'झेड ईओडी', त्याला आयईई३३४आय. शेवटी 'क्वाएस'.

पॅनेलवर डिसेबल्ड वेट, शेवटी सीसीसी. आता 'क्विट'.

---

नवखा_ऑपरेटर

$एचएएसपी०९९ येत नव्हता. '$डीयू' मध्ये रीडर १ चालू दाखवत होता, दुसऱ्या खिडकीत नेटकॅट '-डब्ल्यू १' शिवाय तसाच उघडा. तो बंद केला, संदेश आला. सीसीसी दिसला.